दोन घोटांचा शब्द

मी फिंजान बोलतोय, अरबी कॉफीचा चिमुकला पेला. मला कान नाही, बशी नाही, आणि मावतात जेमतेम दोन घोट कॉफी. पण आमच्या अरबी मुलखात, तफीलाच्या डोंगरात, माझ्या साक्षीने लग्नं जमली आहेत, खुनाची वैरं मिटली आहेत. त्यामुळे मला जरा तोरा आहे, तेवढा चालवून घ्या.

माझा मालक अबू हायिल. एका कोरियन कंपनीने आमच्या डोंगरावर पवनचक्क्या उभारायला घेतल्या, तेव्हा तो मुकादम झाला. वडिलांची पितळी किटली आणि आम्हा फिंजानांना त्याने साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवलं. खोली पत्र्याची होती, पण कॉफीशिवाय ती बैठक कसली, असं त्याचं म्हणणं.

साहेब म्हणजे मिस्टर नाम. भला माणूस. आमची बोली मोडकीतोडकी का होईना बोलायचा, उजव्या हाताने कॉफी द्यायला शिकला होता. अबू हायिलची आई गेली तेव्हा दिवसभर त्याच्या घरी जमिनीवर बसून राहिला. दोघांचं चांगलं जमायचं, आणि तेच माझ्या मनाला जास्त लागतं.

पाये भरून झाले तशी गडी कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. गडी सगळे अबू हायिलच्या गावचे. गावातला म्हातारा समीह त्याच्या दारात येऊन बसला.

"तुझ्या भरवशावर पोरांनी शेळ्या विकल्या," तो म्हणाला. "आता साहेबाशी तूच बोल बाबा."

दुसऱ्या दिवशी अबू हायिल साहेबांकडे गेला. नामने स्वतः कॉफी ओतून मला त्याच्या हातात दिलं. त्याने ओठ न लावता मला टेबलावर ठेवलं. आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: मी काही मागायला आलोय, ते मिळेपर्यंत पिणार नाही. यजमान 'कॉफी घ्या' म्हणाला की मागणं मान्य झालं. मग सही नको न् शिक्का नको.

"साहेब, पोरांना काढू नका. निदान हिवाळा तरी सरू द्या."

नामने मान खाली घातली. "अवघड आहे, अबू हायिल. बघतो. विचार करतो."

त्याच्या देशात याला नकार म्हणतात. समोरच्याचं मन न दुखवता दिलेला, पण स्वच्छ नकार. हे मला फार उशिरा समजलं. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"निवतेय ना ती. घ्या, कॉफी घ्या."

अबू हायिलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने एका दमात मला रिकामं केलं. "अल्लाह तुमचं भलं करो," म्हणाला. नामला वाटलं, किती समजूतदारपणे घेतलं याने.

गावात त्या दिवशी बकरं कापलं. आणि आठवडा संपायच्या आत गड्यांना फाटकावरूनच परत पाठवलं.

"तू कॉफी प्यालास ना रे?" समीहने चारचौघांत विचारलं. "का आम्हाला नुसतीच थाप मारलीस?"

"प्यालो," अबू हायिल म्हणाला. कुणाचा विश्वास बसला नाही.

तो साहेबाला जाब विचारायला गेला नाही. दिलेल्या शब्दाची आठवण करून देणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, असं तो मानायचा. नामनेही विषय काढला नाही, याच्या जखमेवर मीठ नको म्हणून. दोघंही एकमेकांना जपत गप्प राहिले आणि वाट लागली.

महिनाभरात अबू हायिलने काम सोडलं, गावही सोडलं. निघायच्या वेळी किटली आवरताना बायको म्हणाली, "तो पेला माझ्या घरात नको. त्यातून तुम्ही खोटं प्यालात."

म्हणून त्याने मला धुतलं आणि नामच्या टेबलावर पालथं घालून ठेवलं. नामला गहिवरून आलं. त्याने मला रुमालात गुंडाळून घरी नेलं.

आता मी कोरियात, उल्सानला, नामच्या घरी काचेच्या कपाटात असतो. माझ्यात कुणी काही ओतत नाही. पाहुणे आले की नाम दाखवतो, "माझ्या मुकादमाने जाताना दिलेली आठवण. असा जिवाचा माणूस पुन्हा नाही मिळाला." दर ईदला तो अबू हायिलला फोन लावतो. वाजून वाजून बंद होतो. "कामात असेल," बायकोला सांगतो, आणि संध्याकाळी पुन्हा लावतो.

माझं बोलणं त्याला ऐकू जात नाही हो. तुमच्यापैकी कुणी कधी त्याच्या घरी गेलात, तर जमेल त्या भाषेत एवढं सांगा त्याला: साहेब, त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला होतात.