अर्ध्या करंगळीचा पंजा

कोपरा पार चघळला गेला होता, त्यामुळे कार्डावर छापलेल्या हाताच्या पंजाची करंगळी अर्धीच उरली होती... चटईच्या कडेला, तेलाच्या वाटीशेजारी ते कार्ड तसंच पडून होतं, आणि आजी भिंतीला टेकून त्या अर्ध्या करंगळीकडे बघत होती. पलीकडे तिची नात, ठकी, पडद्याची झालर बोटांवर गुंडाळत होती, सोडत होती.

ठकीनं स्वतः कार्ड हातात दिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही — मसाज शिकवायला येणाऱ्या बाईंचा हा पहिला नियम. "तिला बोलता येत नाही आजी, पण नको म्हणता आलं पाहिजे ना?" आजीनं मान डोलावली होती, आतून मात्र हसूच आलं होतं. पोराला तेल चोळायला परवानगी? या हातांनी किती बाळं रगडली, उलटीपालटी केली, भोकाड पसरलं तरी सोडली नाहीत...

लेक आज पहिल्यांदाच संध्याकाळच्या पाळीला गेली होती. मालिश झाल्याशिवाय ठकीला झोप लागत नाही, भिंतीवर डोकं आपटत राहते. दारात चप्पल घालता घालता लेक म्हणाली होती, "कणीक तिंबतेस तसं दाब. गोंजारू नकोस. हलकं बोट तिला सोसत नाही."

"कणीक किंचाळत नाही गं."

"आई, थट्टा नको. तुला जमलं नाही तर मला नोकरी सोडावी लागेल."

"जा बाई. तुलाही मीच वाढवलंय."

"म्हणूनच सांगतेय!"

पडदा सुटला. ठकी आली, आणि कुठेतरी तिसरीकडेच बघत तिनं कार्ड आजीच्या तळव्यावर ठेवलं. आजीनं ते मांडीवर ठेवलं, तळव्यांना तेल लावलं. आधी डावं पाऊल. पूर्ण तळवा टेकवायचा, अंगाचं वजन हळूहळू हातात उतरवायचं... इतकं जोरात? एवढ्याशा पायाला? पण आखडलेली बोटं एकेक करून सैल झाली, पोटरी हातात जड झाली, आणि ठकीच्या घशातून एकसुरी गुणगुण सुरू झाली, चुलीवर आधण येऊ लागावं तशी. जमतंय. मला जमतंय! आणि त्या आनंदात हात कधी वर गेला ते आजीलाही कळलं नाही — एकच बोट, अगदी हलकं, ठकीच्या गालावरून फिरलं.

ठकी किंचाळली. चटईवर गाल घासू लागली, जणू तिथं काही चिकटलं होतं. मग आजीच्या मांडीवरचं कार्ड हिसकावून कोपऱ्यात जाऊन बसली. उजवा पाय राहिला होता.

पुसतेय, आजीच्या मनात आलं. माझं बोट पुसतेय.

... आणि लहानपणची ती मावशी. दारातून आत येता येताच मला ओढून घेणारी, गालाचा मुका घेणारी, ओला, पावडरीच्या वासाचा. मी फ्रॉकच्या बाहीनं गाल पुसायची आणि सगळी खोली हसायची — "बघा, लाजली!" मी लाजले नव्हते. मला... इतकी वर्षं हा मुका होता कुठे? माया होती मावशीची, कोण नाही म्हणतं. पण तो मुका मावशीसाठी होता. आणि आत्ताचं बोट? ते कुणासाठी होतं?

कोपऱ्यात ठकीचं डोकं भिंतीला लागलं. एकदा. मग पुन्हा. फडताळावर फोन होता; एक हाक आणि लेक धावत येईल, आणि उद्यापासून कुठेच जाणार नाही. उठून तिला घट्ट कवेत घ्यावं... आजीनं दोन्ही तळवे आपल्याच मांड्यांखाली दाबून धरले.

फरशीवर काहीतरी सरकलं. कार्ड. दोघींच्या मधोमध येऊन थांबलं होतं. दिलं होतं की भिरकावलं होतं, कळायला मार्ग नव्हता. ठकीचं डोकं थांबलं होतं, भिंतीपासून जरासं दूर.

आजीनं ते उचललं नाही. तिचा गाल ओला वाटत होता, तिथेच, जुन्या जागी... तिनं बाही ओढून तो नीट पुसला.

ठकी बघत होती. या खेपेला कुणी हसलं नाही.