सत्यशीलाकडं ठेवा

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी पाळक राजानंद मंठ्याच्या छोट्याशा मंडळीला म्हणाले, "ज्याला जो मोह आडवा येतो, तो त्यानं ईस्टरपर्यंत घराबाहेर काढावा."

मंडळी आज्ञाधारक. पण काढून ठेवायचा कुठं? सगळ्यांच्या माना मागं वळल्या. तिथं सत्यशीला तान्ह्या आकांक्षाला खांद्यावर घेऊन उभ्याउभ्याच पेंगत होती.

"सत्यशीलाकडं ठेवा," नंदाबाई म्हणाली. "एवढंसं लेकरू हाय तिला. मोहात पडायला टाईम कुठंय?"

सगळ्यांना हे बराबर पटलं. सत्यशीलालाही पटलं. एवढं कौतुक तिचं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

आधी सुरेखाचा टीव्ही आला. मग कुणाचा आरसा, कुणाची लोणच्याची बरणी. अंगद तर शेळी घेऊन आला. "बायकोपेक्षा हिच्यावर जीव जडलाय," तो डोळे पुसत म्हणाला. "बायकोच म्हणली, जल्दी नेऊन घाल." शेवटी नंदाबाई कपड्यांची पिशवी घेऊन हजर.

"तुमचा मोह कुठंय, काकू?"

"माझी जीभ गं. काढून ठेवता यीना, म्हून समदीच आले." आणि टीव्हीच्या खोक्यावर बसली ती बसलीच.

सत्यशीलाचा नवरा कल्याण जालन्याच्या कारखान्यातली रात्रपाळी करून सकाळी आला, तर दारात शेळी आरशात स्वतःला न्याहाळत उभी.

"मी कुठं बसू?" त्यानं विचारलं.

"आधी हे सांग," नंदाबाई म्हणाली, "तुला कुणी आणून ठेवलं?"

त्याच दुपारी खुद्द पाळकसाहेब डोक्यावर गादी घेऊन आले. "हिच्यापायी पहाटेची प्रार्थना चुकून राह्यली, सत्यशीला. सांभाळ." जाताना मागं फिरून त्यांनी गादीवरून एकदा हात फिरवला.

टीव्हीनं सत्यशीलाचं काही बिघडवलं नाही, लोणच्यानंही नाही. पण गादी! आकांक्षाला दात येत होते. सलग झोप कशी असते, हे तिची आई विसरूनच गेली होती. भिंतीला टेकवलेली गादी हळूच कमरेत वाकायची, पाहुण्यासारखी अदबीनं. सत्यशीला तिला सरळ करायची. गादी पुन्हा वाकायची.

"बिलकुल न्हाई," सत्यशीलानं तिला ठणकावलं.

शनिवारी पाळकसाहेबांचा निरोप आला: उद्या मंडळीपुढं साक्ष दे, मोहाला कशी टाळतेस ते सांग. सत्यशीला आरशापुढं उभी राहून म्हणाली, "प्रभूच्या कृपेनं मला कशाचाच मोह न्हाई." वाक्य तिला इतकं आवडलं की ती ते पुन्हा पुन्हा म्हणाली, दर खेपेला आणखी नम्र होऊन. तेवढ्यात गादी सपशेल आडवी झाली. आकांक्षाला क्षणभर टेकवावं म्हणून सत्यशीला वाकली, आणि उठली ती थेट रविवारी उजाडल्यावर.

"मी कुणाला सांगत न्हाई, बाई," नंदाबाई म्हणाली. "जीभ इथंच ठेवलीय ना मी."

सत्यशीलाला हायसं वाटलं. चर्चच्या वाटेवर मात्र तेच हायसं वाटणं तिला टोचायला लागलं.

मंडळी कौतुकानं बघत होती. ते नम्र वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. तिनं ते गिळलं.

"मी गादीवर झोपले," ती म्हणाली. "लई गोड झोप लागली."

सगळ्यांच्या माना पाळकसाहेबांकडं वळल्या.

"कशी हाय ती?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं. "गादी?"

"झोपली तर झोपली," गिरिजाबाई, मंडळीतली सगळ्यात म्हातारी, कडाडली. "वादळात नावेतबी प्रभू झोपलेच होते की, उशी घेऊन!"

"झोपेचं न्हाई हो, आत्या," सत्यशीला म्हणाली. "तुम्ही मला मोठी म्हणता ना, ते गादीहून गोड लागून राह्यलंय. त्याच्यापायी मी आज तुमच्याशी खोटं बोलणार होते. ते मोठेपण मला नको. कुणीतरी घेऊन जा."

पाळकसाहेबांनी सवयीनं विचारलं, "सांभाळायला कोण घेतंय?"

एकजात सगळ्यांचे हात वर गेले. सगळ्यांत उंच हात पाळकसाहेबांचा.

मग ज्यानं त्यानं आपलाच हात पाहिला. एकेक हात खाली आला. पाळकसाहेब गुडघे टेकून बसले, मागोमाग मंडळी बसली. सत्यशीलाही टेकली, लेकीची लाळ पदराला पुसत.