देव्हाऱ्याखालचा खण

रविवारी सकाळी सुनेत्राबाईंनी तुपाच्या बरणीवर बॉलपेननं नवी रेघ मारली. आदल्या रविवारची रेघ बोटभर वर होती. तूप कुणी संपवलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. राजीवराव डॉक्टरांचा सल्ला धाब्यावर बसवून पोळीवर चोरून घेत. तरीही रेघ मारली गेली, कारण ती नवऱ्यासाठी नव्हतीच.

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत त्यांचं विटांचं घर. घरात ती दोघं नवरा-बायको, राजीवरावांच्या ब्याण्णव वर्षांच्या आई, आणि आईंना उठवायला-बसवायला ठेवलेली ग्वाटेमालाची एलोइसा. आठ महिने ती आजींना न्हाऊ घालत होती, त्यांचे चार केस विंचरत होती, मऊ भात भरवत होती. सुनेत्राबाई तिला बाहेर ‘आमची मेक्सिकन’ म्हणत. ग्वाटेमाला हा वेगळा देश आहे, हे लेकीनं तीनदा सांगून झालं होतं.

एलोइसा आली त्याच आठवड्यात तिचा पासपोर्ट देव्हाऱ्याखालच्या खणात गेला. ही अक्कल मराठी मंडळातल्या रत्नाबाईंची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर त्यांनी ती सगळ्यांना वाटली होती. “पासपोर्ट आपल्याकडे ठेवायचा. सेफ राहील म्हणायचं. मग कुठे जातात?” बायका हसल्या होत्या. त्यानंतर चार-पाच घरांतल्या देवांना राखणीचं काम लागलं.

“मॅडम,” एलोइसा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. “थर्सडे. पासपोर्ट, प्लीज.”

गुरुवारी तिला बोटांचे ठसे द्यायला सरकारी कचेरीत जायचं होतं. काम करण्याचा परवाना संपत आला होता आणि ओळख पटवायला तिच्याकडे त्या पासपोर्टाशिवाय दुसरं काही नव्हतं. तारीख चुकली तर परवाना जाणार, आणि परवान्यामागून या देशातलं तिचं सगळंच.

“येस, येस. आय विल सर्च,” सुनेत्राबाई म्हणाल्या. हे त्या तिसऱ्यांदा म्हणत होत्या. खण तिथून सहा पावलांवर होता. नवा परवाना मिळाला की ही दुसरं घर धरणार, मग आईंना उचलणार कोण? या भीतीनं त्यांना रात्रंदिवस पोखरलं होतं.

त्यांची लेक नीना शिकागोतच जन्मली. कॉलेजात शिकलेल्या स्पॅनिशच्या जोरावर ती एकदा शहराच्या पश्चिमेकडच्या लॅटिनो वस्तीत भाडेकरूंच्या सभेला दुभाषी म्हणून गेली, आणि तेरा वर्षं तिथलीच झाली. ऐन थंडीत हीटर बंद ठेवणाऱ्या मालकाशी ती भांडली, बायकांकडून पाळणाघर उभं करून घेतलं, आता त्या संस्थेची उपप्रमुख होती. शुक्रवारी बोर्ड नवा प्रमुख निवडणार होतं. वस्तीतले काही जण म्हणत, “मुलगी चांगली आहे, पण आपली नाही.” मंडळातल्या काकू म्हणत, “आपल्या लोकांचं सोडून त्यांचं काय करत बसलीस?” अडकित्त्यातल्या सुपारीसारखी तिची गत होती.

सोमवारी संस्थेतली जुनी कार्यकर्ती ग्रासिएला तिच्या खोलीत आली आणि तिनं दार लावून घेतलं. दोघी स्पॅनिशमध्ये बोलत.

“चर्चमध्ये एक बाई रडत होती. मालकिणीनं पासपोर्ट ठेवून घेतलाय. गुरुवारी ठसे द्यायचेत.”

“मग तिला इथे घेऊन ये ना!”

“येत नाही. पासपोर्ट देवांच्या खाली असतो म्हणाली. लाकडी खणात. कापराचा वास येतो म्हणे त्याला.”

नीनाचा हात टेबलावरच थांबला. लहानपणी तिच्या स्वतःच्या पासपोर्टालाही तोच वास यायचा.

“ती इथे का येत नाही?” तिनं हळूच विचारलं.

“तुला घाबरते.” ग्रासिएला तिच्याकडे रोखून बघत होती. “घर कुणाचं ते मी बोर्डाला सांगितलेलं नाही. तू काय करतेस ते बघतेय.”

तेरा वर्षं एका टेबलावर जेवलेल्या बाईनं असं म्हणावं, याचं नीनाला फार वाईट वाटलं. पण रागवायला तोंड कुठे होतं?

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा एलोइसा आजींना भात भरवत होती. नीनानं चपलाही काढल्या नाहीत.

“आई, एलोइसाचा पासपोर्ट दे.”

“तुला कुणी सांगितलं? तिनं कम्प्लेंट केली?” सुनेत्राबाईंनी गॅस बंद केला. “बघा! आपण घरच्यासारखं ठेवायचं आणि हे असं.”

“घरच्यासारखं? मग माझाही ठेव.”

“वाकडं बोलू नकोस. मी तिला मारते का? उपाशी ठेवते? जे आपण खातो तेच देते.”

“आई, हा गुन्हा आहे. गुन्हा नसता तरी पाप असतं.”

“आणि आईंना कोण उचलणार? तू? तुझ्या मीटिंगा कॅन्सल करून येणारेस?” सुनेत्राबाईंचा आवाज चिरकला. “शोधते म्हणालेय ना मी तिला!”

तेवढ्यात खुर्चीतून आजी खुदकन हसल्या. त्यांना अलीकडे आजचं-कालचं कळत नसे; जुनं मात्र लख्ख आठवे.

“शोधतेच म्हण गं,” त्या सुनेला म्हणाल्या. “शोधते म्हटलं की दिवस जातात. मग जायचं कारणच उरत नाही.”

सुनेत्राबाई भिंतीला टेकल्या.

“आजी काय म्हणतेय?” नीनानं विचारलं.

“तू पोटात होतीस,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “सांगलीहून फोन आला, बाबांचं काही खरं नाही, लगेच निघ. माझा पासपोर्ट आईंकडे असायचा. आई म्हणाल्या, शोधते. रोज म्हणायच्या, शोधते. बाबा गेले. पासपोर्ट सापडला तेराव्याच्या दिवशी. याच खणात.”

राजीवरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. “कशाला जुनं उकरायचं? मी बायकांच्या भानगडीत पडत नाही.”

“तेव्हाही पडला नव्हतात,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

ज्यानं सोसलं तो दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, अशी आपली भाबडी समजूत असते. सुनेत्राबाईंनी सोसलं होतं आणि त्यातून फक्त खण कसा वापरायचा ते शिकल्या होत्या. हे त्यांना त्या क्षणी दिसलं, आणि ते बघणं फार कठीण होतं.

त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या. उदबत्तीचे पुडे बाजूला सारून त्यांनी पासपोर्ट काढला आणि नीनापुढे धरला. नीनानं हात मागे घेतले.

“मला नको. तिला दे.”

एलोइसानं भाताची वाटी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले, पासपोर्ट घेतला. आधी स्वतःचा फोटो पाहिला. मग एकेक पान उलटलं, एखादं फाडलेलं तर नाही ना म्हणून. मायलेकींपैकी कुणालाच तिनं थँक्यू म्हटलं नाही. का म्हणावं?

गुरुवारी दुपारी ती ठसे देऊन पावतीसह थेट नीनाच्या संस्थेत आली. नीनाला इतका आनंद झाला की तिनं पटकन हात पुढे केला. “दे पासपोर्ट, फाइलसाठी झेरॉक्स काढते.”

एलोइसानं तो छातीशी धरला. नीनाचा हात हवेतच राहिला. कोपऱ्यातून ग्रासिएला बघत होती.

“मशीन कुठे आहे?” एलोइसानं विचारलं. मग तिनं स्वतःच्या हातानं पासपोर्ट काचेवर ठेवला, कॉपी निघाली की लगेच उचलला, आणि कागद तेवढा नीनाला दिला. त्याच दिवशी संस्थेच्या भिंतीवर नवा नियम लागला. इथे कुणाचीही कागदपत्रं कुणी हातात घेणार नाही; ज्याची त्यानं मशीनवर ठेवायची.

शुक्रवारी नीनानं बोर्डाला सगळं सांगितलं, घराच्या पत्त्यासकट. एका म्हाताऱ्या सदस्यानं चष्मा काढला. “हे तुझ्याच घरात होत होतं. मग तुझ्यावर विश्वास का ठेवायचा?”

“ठेवू नका,” नीना म्हणाली. “लक्ष ठेवा.”

ती एका मताच्या फरकानं निवडून आली. विरोधात ज्यांनी मत दिलं त्यांचं चुकलं असं तिला आजही वाटत नाही.

एलोइसा पुढच्या सोमवारी कामावर आली नाही. आईंना उचलून सुनेत्राबाईंची कंबर धरली. त्या कण्हल्या, चिडल्या, नीनाला दोन शब्द सुनावलेही. मग हात धुऊन त्यांनी फोन उचलला.

“रत्ना, तुमच्याकडच्या बाईचा पासपोर्ट कुठेय गं?”

“का गं एकदम? असेल कुठेतरी. शोधायला लागेल.”

“मी कोट घालतेय,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “दहा मिनिटांत पोचते. दोघी मिळून शोधू.”