गोबनेटच्या घरची मिस्सा

गोबनेट टूमीने आयुष्यात कधी कुणाला पाठीमागे नावं ठेवली नाहीत. जे बोलायचं ते तोंडावर, आणि शक्यतो चार लोकांत. गोर्टनाकिला गावच्या शाळेत तीस वर्षं तिने पोरांकडून धर्मशिक्षण घोकून घेतलं होतं. सात आध्यात्मिक दयाकृत्यं तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने धडाधड म्हणून दाखवली असती. अज्ञान्याला शिकवावं, पाप्याला समज द्यावी, दुःखिताचं सांत्वन करावं, दुसऱ्याचा जाच धीराने सोसावा, वगैरे. "सातांतलं एक तेवढं तू उचललंस," तिची नणंद डिम्फना म्हणायची, "आणि जाच सोसायचं आमच्या गळ्यात बांधलंस."

समज मिळाली नाही असं माणूस त्या डोंगरकुशीत शोधून सापडलं नसतं. पोस्टमनला त्याच्या शिव्यांबद्दल, डॉक्टरच्या बायकोला तिच्या अंगातल्या ब्लाउजबद्दल, गुत्तेवाल्याला रविवारच्या धंद्याबद्दल. लोक ऐकून घेत, कारण त्यांतल्या निम्म्यांना तिनेच अक्षरओळख करून दिली होती. मग पोटच्या पोरीला तरी ती कशी सोडणार?

पोरगी ईटा. कॉर्क शहरात फिन्टन नावाच्या माणसाबरोबर राहायची. फिन्टनचा घटस्फोट झालेला, पहिली बायको डब्लिनमध्ये चांगली धडधाकट. म्हणजे चर्चच्या लेखी तो अजून तिचाच नवरा, ईटा पापात राहणारी, आणि तिला चर्चमधला प्रसाद वर्ज्य. गोबनेटने फोनवर सांगून पाहिलं, पत्रं लिहून पाहिली. ईटा हसायची आणि विषय बदलायची. तोवर सगळं ठीक होतं.

बिनसलं ते बापाच्या अंत्यविधीला, चार वर्षांपूर्वी. डॉनल टूमीची शवपेटी वेदीसमोर ठेवलेली, चर्च खच्चून भरलेलं. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली, लोक रांगेत उभे राहू लागले आणि मागच्या बाकावरून ईटाही उठली. ईटा पेटीपाशी आली, आणि गोबनेटने तिला पाहिलं. ती पहिल्या बाकातून बाहेर आली, पोरीचं कोपर धरून तिला ओढलं आणि म्हणाली, "तुझी जागा या रांगेत नाही." हळू बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं. दोनशे माणसांनी ऐकलं. ईटाने आईकडे एकदा पाहिलं, वळली आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेली. दफनाच्या वेळी ती लांब, दगडी कुंपणाशी उभी होती. त्यानंतर नाताळात एक कार्ड यायचं, दोन ओळींचं.

पोरीला पवित्र प्रसादाचा अपमान करण्यापासून आपण वाचवलं, असं गोबनेट स्वतःला सांगत आली होती. कर्तव्यच केलं, तर मग छातीत हे काय रुतून बसलंय, हे मात्र तिने कुणाला विचारलं नाही.

यंदाच्या ऑक्टोबरात घरमिस्सा, म्हणजे फादरांनी घरी येऊन करायची ख्रिस्तप्रसादाची उपासना, टूमींकडे आली. पंचक्रोशीतली अकरा घरं, वर्षातून दोनदा एकेका घरात मिस्सा. म्हणजे पाच-साडेपाच वर्षांनी पाळी येते. ज्याच्या घरी मिस्सा, त्याने आधी घर रंगवायचं, हा तिथला रिवाज. पोपलासुद्धा तो मोडता यायचा नाही. भिंती पांढऱ्या झाल्याच पाहिजेत, चुलीमागचा कोपरासुद्धा, कारण हॅना क्रोनिन बरोबर तिथेच बघते. आणि गोबनेट पडली चौऱ्याहत्तरची. खुब्याच्या ऑपरेशनपासून ती स्टुलावरदेखील चढत नव्हती.

डिम्फनाने तिला न विचारता ईटाला फोन केला.

सोमवारी सकाळी अंगणात व्हॅन उभी राहिली. ईटा उतरली, आणि मागून दोन हातांत रंगाचे डबे घेतलेला एक उंच, टक्कल पडत आलेला माणूस.

"मिसेस टूमी," तो म्हणाला, "सुरुवात स्वयंपाकघरापासून करू का?"

"करा," गोबनेट म्हणाली.

रात्री दोघं डिम्फनाकडे झोपायला जात. खोल्या किती आणि खाटा किती, ही अडचण तिने कुणी तोंड उघडायच्या आत मिटवून टाकली होती. दिवसभर फिन्टन भिंती खरवडायचा, रंगवायचा. चुलीमागचा काजळीचा कोपरा त्याने पोटावर आडवं पडून घासला. न सांगता छपराची गळकी पन्हाळ दुरुस्त केली. चहा दिला की थँक्यू म्हणायचा, कप स्वतः विसळून ठेवायचा. गोबनेट त्याच्यात खोट शोधत होती आणि सापडत नव्हती म्हणून चिडत होती.

पण जिभेला खरी खाज होती ती वेगळीच. चर्चमध्ये एखादा प्रसादाला उठला नाही तर बाकावर बसून राहतो, कुणाचं लक्ष जात नाही. स्वयंपाकघरात बसायला बाक कुठला? वीसबावीस माणसं दाटीने उभी, आणि फादर एकेकासमोर येऊन उभे राहणार. ईटाने घेतला तर पाप, नाही घेतला तर शोभा. पोरीला आधी सांगून ठेवायला नको?

"एक शब्द बोललीस," डिम्फना म्हणाली, "तर मी मिस्सा उचलून माझ्या घरी नेईन."

"आणि तिने हात पुढे केला तर? मी गप्प राहिले, तर ते पाप माझ्याही माथी नाही?"

"अगं, तुझ्यासारख्या आईच्या हाताखाली वाढलेय ती. तिला काय चालतं नि काय नाही, हे ठाऊक नसेल? आई आहेस तिची, गोबनेट, दारावरचा शिपाई नाहीस."

शुक्रवारी दुपारी ईटा वेदीसाठी पितळी मेणबत्तीदाण्या घासत बसली होती. घरात दोघीच. गोबनेट समोर येऊन बसली.

"ईटा, उद्या—"

ईटाचा हात थांबला. तिने वर पाहिलं. चाळिशीची बाई, पण आता मार बसणार हे कळलेल्या पोराचा होतो तसा तिचा चेहरा झाला. तो चेहरा गोबनेटने पाहिला. माझी पोर मला भिते, तिला वाटलं. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत भिते.

"उद्या अंडी किती लागतील गं?" ती म्हणाली.

ईटाने श्वास सोडला. "चार डझन तरी," ती म्हणाली, आणि पुन्हा घासू लागली.

शनिवारी सकाळी आठ वाजता अंगण गाड्यांनी भरलं. फादर लेहान बैठकीच्या खोलीत पापनिवेदन ऐकायला बसले. गोबनेट यजमानीण, म्हणून पहिली. नेहमीचंच सांगितलं, चिडचिड केली, एकदा संध्याकाळची प्रार्थना चुकवली. "आणखी काही?" फादरांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

स्वयंपाकघरातलं टेबल चार विटांवर चढवून वर पांढरं कापड घातलं होतं. भिंती लख्ख. हॅना क्रोनिनने चुलीमागे डोकावून पाहिलं आणि निराश झाली. चुलीपाशी डिम्फना, तिच्याशेजारी गोबनेट आणि पलीकडे ईटा. फिन्टन कुठे दिसत नव्हता. प्रसादाची वेळ झाली तसे फादर तबक घेऊन खिडकीपासून एकेकासमोर थांबत येऊ लागले. गोबनेटने डोळे मिटले. बोलू नकोस, ती स्वतःला बजावत होती. काहीही झालं तरी बोलू नकोस.

फादर ईटासमोर आले. गोबनेटने डोळे उघडले.

ईटाने दोन्ही हात छातीवर एकमेकांवरून घेऊन खांद्यांना लावले आणि मान खाली घातली. प्रसाद नको, नुसता आशीर्वाद हवा, याची ती खूण. फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, दोन शब्द पुटपुटले. झालं. ना पाप, ना शोभा.

गोबनेट मात्र त्या हातांकडेच बघत राहिली. असे हात तिने आधी पाहिले होते. डॉनलच्या पेटीसमोर तिने कोपर धरलं तेव्हा पोरीचा हात असाच छातीशी आवळलेला होता. तिला वाटलं होतं, दुःखाने आवळलाय. ही आशीर्वादाची रीत त्यांच्या चर्चमध्ये तेव्हा नुकतीच आलेली. प्रसाद घेऊन पहिल्या बाकावर डोळे मिटून बसणाऱ्या गोबनेटला बाकीचं कोण काय करतंय हे तोवर दिसलंच नव्हतं. तिने हिसका दिला होता आणि तो हात सुटून खाली आला होता. पोरीने बापाच्या पेटीसमोर फक्त आशीर्वाद मागितला होता. तोही आपण तिच्या हातून हिसकावून घेतला.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले. आता ते गोबनेटसमोर प्रसाद धरून उभे होते.

सत्तर वर्षांत जिने एक रविवार चुकवला नव्हता, त्या गोबनेट टूमीने स्वतःच्या घरच्या मिस्सेत दोन्ही हात छातीवर घेतले आणि मान खाली घातली. बावीस माणसांनी पाहिलं. फादर क्षणभर गोंधळले, मग त्यांनी तिच्याही डोक्यावर हात ठेवला.

मिस्सा आटोपली, माणसं न्याहारीसाठी बैठकीच्या खोलीत गेली. मोरीशेजारच्या छोट्या खोलीत ईटा अंडी तळत होती.

"आई, काय हे? तू का नाही घेतलास? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ईटा, त्या दिवशी तू आशीर्वादच घ्यायला उठली होतीस?"

ईटाने कढई बाजूला सरकवली. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तू हातच धरलास. आणि नंतर वाटलं, माझ्या आईला माझा एवढासुद्धा भरवसा नाही, तर सांगून काय उपयोग."

गोबनेट ॲप्रन तोंडाला लावून लहान पोरीसारखी रडली. "माझं चुकलं गं," ती म्हणाली. "तुझ्या बापासमोर, सगळ्यांदेखत... माझं फार चुकलं. तुझ्याशी मिटवल्याशिवाय मी कुठल्या तोंडाने प्रसाद घेऊ?"

ईटाने तिला जवळ घेतलं. मग विचारलं, "आई, आम्ही पापात राहतो असं तुला अजून वाटतं ना?"

खोटं बोलायला हीच वेळ सोयीची होती.

"वाटतं," गोबनेट म्हणाली. "पण ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तू विचारशील तेव्हा सांगेन. न विचारता आता नाही."

"बघ हं, कठीण जाईल तुला," ईटा रडता रडता हसली. "हां, ही ताटली फिन्टनला नेऊन देते. सकाळपासून उपाशी आहे. व्हॅनमध्ये बसलाय."

"व्हॅनमध्ये? का?"

"तुला लोकांत अवघड वाटायला नको म्हणून. त्याचंच म्हणणं."

ज्याने घराची भिंत न् भिंत रंगवली, तो मिस्सा होईपर्यंत बाहेर थंडीत बसून होता. गोबनेटने पोरीच्या हातातली ताटली काढून घेतली, कट्ट्यावर ठेवली, आणि तशीच ॲप्रनवर भरल्या बैठकीतून लंगडत अंगणात गेली. व्हॅनची काच ठोठावली.

"चल आत. न्याहारी थंड होतेय."

"मिसेस टूमी, मी इथे बरा आहे. लोक जमलेत."

"म्हणूनच तर म्हणते, चल."

ती त्याला घेऊन आत आली तशी चमच्यांचा आवाज थांबला. फादरांच्या शेजारी मानाची खुर्ची असते. तिथून तिने चुलतदिराला उठवलं आणि फिन्टनला बसवलं. हॅना क्रोनिनला सगळं ठाऊक होतं, तरी तिने गोड आवाजात विचारलंच, "हे कोण म्हणायचे, गोबनेट?"

नवरा म्हणावं तर ते खोटं. मित्र म्हणावं तर तो भ्याडपणा.

"आमच्या घरातला आहे," गोबनेट मोठ्याने म्हणाली. हळू तिला जमतच नव्हतं. "आणि इतकी वर्षं त्याला दारात उभं केलं नाही, ती चूक माझी. ईटा, याला दोन अंडी वाढ."

ईटाने तीन वाढली.