कुपी नंबर एकशे बाराची साक्ष

मी कुपी नंबर एकशे बारा बोलतेय. बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकची. परळच्या एका प्रयोगशाळेत, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये दोन वर्षं उभी आहे. पोटात तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, चिमूटभर गर. शेजारणी पुष्कळ, पण सगळ्या गोठलेल्या. बोलायचं कुणाशी, कप्पाळ!

मला भरलं लालबागच्या चाळीत, राधावहिनींच्या फ्रीजमधल्या उरलेल्या कच्च्या तिसऱ्यांतून. गटारीच्या जेवणानंतर अख्खा मजला उलट्या-जुलाबांनी आडवा झाला होता. तिसऱ्या दिल्या होत्या माहीमच्या गुणवंती कोळणीने. वीस वर्षं वहिनी गॅलरीतून हाक मारायच्या, "गुणवंती, वर ये गो!" त्या दिवशी ती आपणहून विचारपूस करायला आली, तर दारातूनच म्हणाल्या, "पुन्हा या जिन्यावर पाय ठेवू नकोस."

"शिळं नाय दिलं मी," एवढंच बोलून ती पाटी उचलून उतरली.

प्रयोगशाळेतून नमुने घ्यायला आलेल्या पद्मजाने वहिनींचे दीर वसंतदादा यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून?"

"मला दोन दिवस आधीच झालं होतं. बरा झालो, म्हणून तर सोलकढीचा नारळ मीच पिळला."

नारळ हातानेच पिळायचा, मिक्सरला चव नाही म्हणे. तिसऱ्या चांगल्या रटरटल्या होत्या. सोलकढीला कुठला विस्तव?

उलट्या-जुलाबांचा विषाणू, नोरोव्हायरस, माझ्यातही सापडला, खोटं कशाला बोलू? पण आडनाव एक म्हणून माणसं एका घरची होतात का? पद्मजाने जनुकं वाचली. माझा विषाणू पहिल्या गटातला, तिसऱ्या प्रकारचा. आजाऱ्यांचा दुसऱ्या गटातला, चौथ्या प्रकारचा. सगळ्यांचा वसंतदादांशी जुळला, माझ्याशी एकाचाही नाही. बरं वाटलं तरी विषाणू अंगात रेंगाळतो; तो त्यांच्या हातून सोलकढीत उतरला होता.

"सर, कोळीण मावशी सुटल्या. चाळीत सांगू?"

"रिपोर्ट पाठवलाय," प्रयोगशाळेचे प्रमुख हेरंबसर म्हणाले. "आपण नंबर कळवतो, नावं नाही."

"मावशी अजून त्याच गल्लीतून जातात, सर. वर बघत नाहीत."

सरांनी पुढचा नमुना ओढला. रिपोर्ट कुठल्या फायलीत निजला, देव जाणे. पुढे पद्मजाही नोकरी सोडून गेली.

उद्या जुन्या कुप्या वाफेत घालून नष्ट करणार आहेत. त्याचं दुःख नाही हो मला. गुणवंतीची साक्षीदार मी एकटी, आणि मला कुणी विचारायला आलं नाही, याचं आहे.

राधावहिनी, हे कानावर आलं तर गॅलरीत या. पूर्वीसारखी एक हाक मारा. ती वर येईलच असं नाही, पण मान तरी वर करेल.