बिनखताचा पट्टा

गाडी रहिमतपूरच्या अलीकडं मामांच्या शेताजवळ आली आणि मी खिडकीतून वाकून बघितलं. जो ऊस पिवळा दिसायला हवा होता, तो हिरवागार दिसत होता. ऊस हिरवा दिसला म्हणून रडकुंडीला आलेली साताऱ्या-सांगलीत मी पहिलीच असेन.

शेजारी बसलेली ल्युसिया ब्राझीलची. उसाची शास्त्रज्ञ, आमच्या सांगलीच्या कॉलेजात वर्षभरासाठी पाहुणी संशोधक म्हणून आलेली. तिच्याकडं एक जिवाणू होता. तो उसाच्या मुळांत रुजला की युरिया कमी लागतो, असं तिचं म्हणणं. ते पडताळायला आम्ही मामांच्या शेतात तीन पट्टे आखले होते. एकाला पूर्ण खत, दुसऱ्याला निम्मं खत आणि जिवाणू, तिसऱ्याला काहीच नाही. तिसरा उपाशी राहिला तरच पहिल्या दोघांची तुलना होणार. या हंगामाचे आकडे नीट आले, तर पुढच्या वर्षी मला तिच्या ब्राझीलमधल्या विद्यापीठात फेलोशिप मिळणार होती. नाही आले तर बसा सांगलीत.

शेत मीच सुचवलेलं. नानासो मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के. "एक चिमूटही खत घालायचं नाही," असं सांगितल्यावर त्यांनी सॅल्यूट ठोकायचाच काय तो बाकी ठेवला होता. पण बिनखताचा पट्टा नेमका रस्त्याला लागून आला. येणारा-जाणारा मोटारसायकल थांबवून विचारायचा, "मेजर, ऊस आजारी हाय व्हय?" (गावात प्रत्येक फौजी 'मेजर'च.) मामी मला हे फोनवर सांगायच्या आणि मी हसण्यावारी न्यायचे. आता हसू पार जिरलं होतं.

मामा बांधावरच उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आदी घरात चला. ऊन लय हाय."

"मामा, खत घातलंत?"

"मामी वाट बघतीया."

"मामा!"

"घातलं," ते खाली बघत म्हणाले. "तुला काय ठावं, अंके, लोकं काय काय बोलत्यात. परवा व्याह्यानं इचारलं, पेन्शन बंद झाली का म्हणून."

माझा तोल सुटला. माझ्या वर्षाची माती केलीत, तुमच्यावर विश्वास ठेवला हीच चूक झाली, असं तोंडाला येईल ते बोलले. आयुष्य सरहद्दीवर काढलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून ऐकत होता.

ल्युसियाला मी सगळं इंग्रजीत सांगितलं. ती चिडली नाही. तिनं एवढंच विचारायला सांगितलं, की घातलं कुठं?

"ह्या कडंच्या दोन सऱ्यांना," मामांनी बोट दाखवलं. "रस्त्यावरनं तेवढ्याच दिसत्यात. आतलं कोण बघतंय?"

मी ते इंग्रजीत सांगताच ल्युसिया खो खो हसत सुटली. प्रत्येक बाजूच्या कडेच्या चार सऱ्या आपण मोजतच नाही, ती म्हणाली. तिथं वारा, ऊन, शेजारच्याचं खत असं काही ना काही लागतंच, म्हणून त्या सोडूनच द्यायच्या असतात. हे मलाही पाठ होतं. घाबरल्यावर विसरले, आणि मामांना तर कधी सांगितलंच नव्हतं.

तरी खात्री हवी होती. पाती बाजूला सारत आम्ही आत घुसलो. दोन सऱ्या हिरव्या, तिसरी-चौथी फिकट, आणि पाचवीपासून पुढं सगळा ऊस पिवळा! पात्यांनी हात खरचटत होते, पण मला त्याचं काही नव्हतं. जीव भांड्यात पडला. पिवळ्या उसाला मिठी मारायची बाकी ठेवली मी. मामांनी जनाची लाज बरोबर दोन सऱ्यांत भागवली होती.

बाहेर आल्यावर ल्युसियानं वहीत तारीख आणि सऱ्या टिपून घेतल्या.

"म्हंजे माझा युरिया मोजणारच न्हाईसा व्हय?" मामांनी विचारलं.

"नाही मोजणार."

"मग सुटलो बाबा."

"मामा, मी फार वाईट बोलले."

मामा बांधावर टेकले. म्हणाले, "आतबी घालणार व्हतो गं. लोकांचं सोड. पर डोळ्यादेखत पीक उपाशी ठिवायचं म्हंजे जिवावर येतं बघ. घमेलं भरून पार मधी जाऊन हुबा ऱ्हायलो. मूठबी भरली. मग म्हनलं, हे घातलं तर आपली अंकी जायाची न्हाई. मूठ तशीच घमेल्यात सोडली आन म्हागारी आलो."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले आणि पोटभर रडले.