अर्ध्या तासाचं जेवण

चार घास पोटात गेले आणि पाचवा जाईपर्यंत पहिला परतीच्या वाटेला लागला. जयवंतानं ताटली चुलीपाशी तशीच ठेवली, तोंडावर पदर दाबला आणि मोरी गाठली. मऊ भात, मुगाचं वरण, वरचं चमचाभर तूप, सगळं गेलं. मग नुसता पांढरा चिकट फेस येत राहिला. कानात दडे बसले. पोटावरचा पाच आठवड्यांचा व्रण कुणी आतून दोरीनं ओढावा तसा ताणला गेला.

मागून काहीतरी खरखरत आलं. साडेतीन वर्षांची स्वराली दोन्ही हातांनी घमेलं ओढत आणत होती.

"आई, थांब की! ह्यात ओक," ती धापा टाकत म्हणाली. मग मोरीत डोकावून हिरमुसली. "झालंच का तुझं? मला उशीर झाला."

जयवंतानं भिंतीला टेकून पोरीला जवळ ओढलं. हसावं की रडावं तेच तिला कळेना. दुसऱ्यांच्या लेकरांना आईचं जेवण म्हणजे भाकरीचा पापुद्रा, त्यावर लोणी. ह्या लेकराला आईचं जेवण म्हणजे घमेलं.

"गेलं का पुन्हा वाया?" स्वयंपाकघरातून तानूबाईंचा, सासूचा आवाज आला. "आमच्या घरात अन्न टाकायची रीत न्हवती बाई. आता मोरीच जेवती हाय चांगली."

आमच्या घरात अन्न टाकायची रीत नव्हती, हे मात्र शंभर नंबरी खरं. मोरगावच्या कोरड्या माळावरून जयवंता लासुर्ण्याच्या ह्या उसात सून म्हणून आली तेव्हा वाऱ्यानं उडेल अशी होती. इथं पुरुष जेवायचे, मग पोरं, मग तानूबाई आणि ती. उरलेली दीड भाकरी, पातेल्याच्या बुडाचं कालवण, पोरीच्या ताटलीतला कालवलेला भात, हे सगळं कुणी खायचं ते सांगावं लागत नसे. बाळंतपणानंतर तर अंग वाढतच गेलं. बारामतीच्या डॉक्टरांचा काटा पुरेना, म्हणून तिला सोसायटीच्या खताच्या काट्यावर उभं केलं होतं. पोती उचलणारे हमाल तोंड फिरवून हसत होते. पुढं पुढं झोपेत श्वास अडकायला लागला. दादासो, तिचा नवरा, तिला गदागदा हलवून जागं करायचा. "पोर वाढवायची असेल तर काहीतरी करा," डॉक्टर म्हणाले.

ते 'काहीतरी' तिच्या भावानं शोधलं. माऊली मुंबईत एका मोठ्या इस्पितळात कामाला होता. तिथं एका डॉक्टरांनी नवंच ऑपरेशन सुरू केलं होतं: पोटाला आडव्या-उभ्या टाचण्या मारायच्या आणि जेवणाला अंगठ्याएवढीच जागा ठेवायची. अठ्ठ्याण्णव साल होतं. लासुर्ण्यात असलं कुणी ऐकलंही नव्हतं. शेजारच्या दगडाबाई बघायला आल्या तेव्हा पहिलं हेच विचारलं, "पोट शिवून टाकलं म्हणं? आन मग जातं कुठनं?"

जात नव्हतं, हीच तर रड होती.

पहिले दोन आठवडे मुंबईत बरे गेले होते. नुसतं पातळ घ्यायचं, पडून राहायचं. अठरा दिवसांनी ती घरी परतली तेव्हा स्वराली आजीच्या लुगड्यामागं लपली आणि म्हणाली, "ही काकू कोण हाय?" टाक्यांपेक्षा ते खोल गेलं. पोरगी पुन्हा जवळ यायला आठ दिवस लागले. आणि आता, कुस्करलेलं अन्न सुरू झाल्यापासून, रोज दोनदा-तीनदा मोरी. बारामतीला दोनदा सलाईन लावून झालं. "रविवारपर्यंत थांबलं नाही तर मुंबईला घेऊन जा," डॉक्टरांनी दादासोला सांगितलं होतं. "आतली वाट बंद होत असेल तर पुन्हा उघडून बघावं लागेल."

आज शुक्रवार होता.

माऊलीनं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेला कागद तिनं फडताळाच्या दाराला चिकटवला होता. एका वेळी अर्धी वाटी. जेवताना पाणी नाही. कुस्करून. बारीक चावून. सावकाश. ती सगळं पाळत होती. तिखट नाही, तेल नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. तरी दूध उतू गेल्याचा वास आला की मळमळे, कारखान्याकडून मळीचा वारा आला की मळमळे, आणि जेवल्यावर तर जीव घशात येऊन बसे. देवाला काय करायचंय ते एकदा करू दे, असं तिला वाटायला लागलं होतं.

दुपारी ती दगडाबाईंच्या घरी गेली. वस्तीवर फोन त्यांच्याकडंच. माऊलीनं इस्पितळातल्या सिस्टरना बोलावून दिलं. बोलणं तिचं होतं, पण ऐकायला दगडाबाई, त्यांच्या दोन सुना आणि निवडायला घेतलेली मेथी, एवढे सगळे भोवती बसले होते.

"उलटीत पित्त येतं का, हिरवं?" सिस्टरनी विचारलं.

"न्हाय. खाल्लेलंच येतंय. पांढरं, बुळबुळीत."

"किती खाता?"

"अर्धी वाटी. तीबी जात न्हाय."

"जेवायला वेळ किती लागतो तुम्हाला?"

जयवंताला प्रश्नच समजला नाही. "लागतोय कशाला? पाच मिन्टं."

"अहो, कागदावर सावकाश लिहिलंय ना?"

"सावकाशच की. आदी दोन मिन्टांत व्हायचं."

दगडाबाईंची धाकटी सून खुसकन हसली. तिचंही दोन मिनिटांतच होत असणार.

"बसून जेवता?"

"ताटली चुलीपाशी असती. एक घास, एक भाकरी तव्यावर. मागनं म्हशी असत्यात."

"ताई, नीट ऐका," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमची वाट आता बोटाएवढी आहे. घाई केली की घास तिथं अडकतो आणि परत येतो. बसायचं. बोटाच्या पेराएवढा घास. तीस वेळा चावायचा. गिळला की थांबायचं, मग दुसरा. अर्धा तास लागला पाहिजे. मध्ये उठायचं नाही, कुणी हाक मारली तरी. औषध समजा."

फोन ठेवल्यावर दगडाबाई म्हणाल्या, "आगं बया! अर्धा तास? एवढ्या येळात मी पाच शेर पिठाच्या भाकरी थापीन."

परतताना बांधावरून चालताना जयवंताला तिचा बाप आठवला. आबाजी मेंढरं घेऊन माळावर बसायचा. दात पडलेले, बाजरीची चतकोर भाकर आणि कांदा त्याला पार उन्हं कलेपर्यंत पुरायचा. त्याला कुणी हाक मारणारं नव्हतं. मेंढरं काही भाकरी मागत नाहीत. अर्धा तास ही काय चीज आहे ते तिला तेव्हा कळलं. गोळी असती तर दादासोनं बारामतीहून आणली असती. पण सुनेला दिवसातनं तीनदा अर्धा अर्धा तास, तो कोणत्या दुकानात मिळायचा?

त्या संध्याकाळी तिनं चोरून करून बघितलं. वाटी पदराखाली घेऊन ती गोठ्यामागं कडब्याच्या गंजीला टेकून बसली. पहिला घास तीस वेळा चावला. दुसराही. आतून काही ढुसणी आली नाही. तिसऱ्याला तानूबाईंची हाक आली, "जयवंते!" चौथ्याला पुन्हा, आणि पाचव्याला, "मेली का काय कुठं?" तिनं उरलेला भात दोन घासांत कोंबला आणि धावली. दूध गाळतानाच उलटी झाली. स्वरालीला घमेलं आणायलाही सवड मिळाली नाही.

रात्रभर तिनं काही कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तरी काय सांगणार? मला जेवू द्या? भरल्या घरात, दुभत्याच्या घरात असं कोण म्हणतं?

शनिवारी दुपारी बाराच्या पुढं तिनं दहा भाकरी करून टोपल्यात झाकल्या, हात धुतले, वाटी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारातच पाट टाकून बसली. तिथंच बरा वारा होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा. पेराएवढा घास घेतला.

तानूबाई आत आल्या आणि थबकल्या. "हे काय? तात्या आलं जेवायला. ऊठ."

जयवंताच्या तोंडात घास होता. अकरा, बारा. तिनं नुसती मान हलवली.

सावळारामतात्या, तिचे सासरे, आणि मागं दादासो पाय धुऊन दारात आले. सून जेवते आहे आणि आपण उभे आहोत, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. कुठं बघावं ते त्यांना कळेना.

"काय झालंय?" तात्यांनी विचारलं.

"व्हायचंय काय? म्हाराणी बसल्यात जेवाया," तानूबाई म्हणाल्या. "त्यांचं झालं की उष्टी काढायलाबी बलावत्याल आपल्याला."

दादासो कानकोंडा झाला. "अगं, वाढ की आदी. मग जेव निवांत."

निवांत! आठ वर्षं ती हा शब्द ऐकत होती. वाढ, मग निवांत. धार काढ, मग निवांत. तो निवांत काही ह्या घराच्या पायरीला लागला नव्हता. सत्तावीस, अठ्ठावीस. तिनं घास गिळला, तो उतरेपर्यंत थांबली आणि खाली बघतच बोलली.

"मी उठायची न्हाय. उठले तर हे परत येतंय. मग रविवारी मुंबै, मग पुन्हा पोट उघडायचं. मागच्या बारीला पोरीनं काकू म्हणलं मला. आता काय म्हणंल ते बघायची ताकद न्हाय माझ्यात."

स्वराली येऊन आईच्या मांडीला टेकली. तात्या तिच्या पाटाला वळसा घालून आत गेले आणि आपल्या हातानं टोपलं उघडलं.

"भाकरी हायत की. आमी घिऊ."

"घेताय? गार?" तानूबाई उसळल्या. "मी मेले न्हाय अजून!" त्या चुलीपुढं बसल्या, तवा आदळला आणि भाकरी थापू लागल्या. थापेबरोबर शब्दही पडत होते. "पंचेचाळीस वर्सं झाली. गरम भाकरी कशी लागती ते मला म्हाईत न्हाय. बाळंतीण असताना उभ्यानं जेवले. ताप असताना जेवले. मला कुणी इचारलं न्हाय, तानू, तुला किती येळ लागतोय. आन हिला अर्धा तास!"

तात्यांचा हात भाकरीवर थांबला. ते बायकोकडं बघत राहिले, बघण्याची सवय नसल्यासारखे. मग खाली मान घालून जेवले.

जयवंताचे कान तापले होते, पण जबडा चालू होता. एक वाजून गेला तेव्हा वाटी अर्धी रिकामी झाली होती. पोटातून, बस, अशी खूण आली. तिनं उरलेलं झाकून ठेवलं. जन्मात पहिल्यांदा तिनं आपणहून वाटीत काही ठेवलं.

पुरुष गेल्यावर तानूबाईंनी टोपल्यातली तळाची भाकरी घेतली, फडताळाला टेकून उभ्यानंच मोडली, घटाघट पाणी पीत खाल्ली. चार-पाच घासांत. इतकी वर्षं जयवंतानं सासूला जेवताना पाहिलंच नव्हतं, कारण तेव्हा ती स्वतःही तशीच गिळत असायची.

"आत्याबाई, बसा की."

"बसते! म्हशींना पाणी तुझा बाप दावणार हाय?" असं म्हणून त्या गेल्या.

मग मळमळ आलीच. छातीपर्यंत चढली, घशाशी आली. तोंडाला पाणी सुटलं. जयवंता ताठ बसली, नाकानं श्वास घेत राहिली, हलली नाही. स्वराली मांडीवर झोपली होती; तिच्या केसांतून हात फिरवत तिनं पंचवीसपर्यंत मोजलं, मग पुन्हा पंचवीस. मळमळ घशाशी बराच वेळ उभी राहिली आणि उंबऱ्यावरून पाहुणा माघारी फिरावा तशी खाली गेली. घड्याळात दीड वाजून गेला. तिनं एक घोट पाणी घेतलं. तेही राहिलं.

"जयवंते!" गोठ्यातून हाक आली. "गेलं का राहिलं?"

"राहिलं, आत्याबाई."

बादली हलल्याचा आवाज आला. मग पुन्हा, जरा रागातच, "मग चार वाजता बस. धारेच्या आदी. तवाच जमंल मला. आन दारात बसू नगंस, लोकं बघत्यात. चुलीमागं बस."

दिवसातनं तीनदा. सहा महिने नाही, वर्ष नाही. टाचण्या काही निघायच्या नव्हत्या. प्रत्येक वेळी हे असंच ऐकत बसायचं होतं.

"चुलीमागं धूर असतोय," ती जागची न हलता म्हणाली. "मळमळतं. मी हितंच बसणार."